फळीवरचे दिवे, काचेतलं तेल

एक लाकडी फळी. तिच्यावर आवळून बसवलेले साधे स्पॉटलाइट, त्यांच्या तोंडावर ड्रॉइंग पिनांनी अडकवलेले रंगीत जिलेटीनचे तुकडे, आणि चालू-बंद करायला घराघरांतल्या भिंतींवर असतात तेच खटके. १९६६ च्या अखेरीस लंडनमधल्या पिंक फ्लॉइड या बँडची प्रकाशयोजना एवढीच होती. तोवर त्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नव्हती. फळी बनवली होती बँडचे व्यवस्थापक पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग यांनी. जेनर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवायचा. रंगमंचावरच्या दिव्यांशी दोघांचाही संबंध आलेला नव्हता. पण गरज उभी राहिली होती. नॉटिंग हिलमधल्या ऑल सेंट्स चर्चच्या सभागृहात हा बँड वाजवत असताना एका अमेरिकन जोडप्याने त्यांच्या अंगावर प्रोजेक्टरमधून रंगीत स्लाइड्स टाकल्या होत्या. जोडपं मायदेशी परतलं आणि त्या उजेडाची चटक मात्र इथेच राहिली.

पुढच्या वर्षभरात या बँडभोवती जो उजेड जमत गेला, त्यातलं बरंचसं सामान भंगारातून, औषधाच्या दुकानातून नाहीतर स्वयंपाकघरातून आलेलं होतं. तरीही भिंतीवर जे दिसे ते माणसाने बनवलंय यावर विश्वास बसू नये इतकं अद्भुत असे. मला त्याचं एकच कारण दिसतं: खर्चिक काम निसर्ग फुकट करत होता. तेल, पाणी, रबर, काच आपापले नियम पाळत होते आणि दिवेवाला त्यांना उजेडासमोर मोकळं सोडत होता. ते नियम कोणते, हे समजून घेताना मी दरवेळी नव्याने थक्क होतो.

सुरुवात सावलीपासून करू, कारण तिला काहीच खर्च येत नाही. फळीवरचे दिवे अशक्त होते, म्हणून ते वादकांच्या अगदी जवळ, जमिनीलगत ठेवावे लागत. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की अंगावर पडणारा उजेड चौपट होतो, हा त्यातला फायदा. आणि जवळ ठेवल्यामुळे जे झालं ते कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं: मागच्या भिंतीवर वादकांच्या प्रचंड सावल्या उभ्या राहिल्या. हिशोब शाळेतल्या समरूप त्रिकोणांचा आहे. दिवा वादकापासून एक मीटरवर आणि भिंत दिव्यापासून चार मीटरवर असेल तर सावली चौपट होते, म्हणजे पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाची सात मीटर. सभागृह तेवढं उंच नसेल तर ती छतावर वळते. आता तो वादक अर्धाच मीटर दिव्याकडे सरकला तर सावली आठपट होते. मंचावर एक पाऊल पडलं आणि भिंतीवरचा राक्षस दुप्पट वाढला! नाटकाच्या प्रकाशयोजनेत अशा सावल्या येऊ नयेत म्हणून दिवे उंच आणि दूर टांगतात. इथे दिव्यांच्या गरिबीनेच त्या आणल्या, आणि बँडला त्या आवडल्या.

दिवे दोन रंगांचे असले की सावलीही रंगीत होते. तांबडा आणि हिरवा दिवा शेजारी ठेवला तर भिंत पिवळी दिसते, कारण तांबडा आणि हिरवा उजेड एकत्र आला की डोळ्याला पिवळा भासतो. वादकाने तांबडा अडवला तिथे हिरवी सावली, हिरवा अडवला तिथे तांबडी. एका माणसाच्या दोन रंगांच्या दोन सावल्या, आणि जिथे त्या एकमेकींवर येतात तिथेच खरा काळोख. पण यापेक्षाही नवलाची गोष्ट एक तांबडा आणि एक साधा पांढरा दिवा लावला की घडते. जिथे तांबडा अडला तिथे उरतो फक्त पांढरा उजेड. म्हणजे ती सावली पांढुरकी दिसायला हवी. दिसते मात्र निळसर हिरवी. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये या रंगीत सावल्यांवर प्रयोग केले. आतून काळ्या केलेल्या नळीतून त्याने एकटी सावलीच पाहिली, तेव्हा तिचा रंग नाहीसा झाला. जर्मन कवी गटेनेही १८१० च्या आपल्या रंगविषयक ग्रंथात या सावल्यांवर सविस्तर लिहिलं. आजूबाजूची तांबूस भिंत हेच ‘साधं’ असं डोळा धरून चालतो आणि त्या मापाने पांढऱ्याला हिरवट ठरवतो. तो हिरवा रंग भिंतीवर नसतोच, बघणाऱ्याच्या डोक्यात तयार होत असतो. कागदाची सुरनळी करून कुणालाही हे घरी तपासता येईल. सभागृहातल्या प्रत्येक माणसाकडून एक रंग फुकटात करवून घेणारी ही प्रकाशयोजना आहे, आणि तिच्यासाठी जिलेटीनचा एकच तुकडा लागतो.

आता तेलाकडे. त्याची कहाणी अटलांटिकच्या पलीकडे सुरू होते. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये कला शिकवणाऱ्या सीमोर लॉक्सने १९५२ मध्ये काचेच्या भांड्यात रंग ढवळून, ते ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवून, संगीताच्या साथीने पडद्यावर हलतं चित्र उमटवलं. ही युक्ती एलियास रोमेरोने उचलली, त्याच्याकडून ती बिल हॅमकडे गेली, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या नाचघरांत बँडच्या मागे भिंतीभर रंग वाहू लागले. १९६८ मध्ये न्यूयॉर्कला फिलमोर ईस्ट हे थिएटर सुरू झालं, तेव्हा जोशुआ व्हाइटचा चमू बँडच्या मागच्या भल्या मोठ्या पडद्यावर पाठीमागून उजेड टाकत असे आणि जाहिरातीत बँडच्या नावांबरोबर त्यांचंही नाव छापलं जाई. लंडनमध्ये हे काम मार्क बॉयल आणि जोन हिल्स हे चित्रकार दांपत्य करत होतं. टॉटनहॅम कोर्ट रोडवर तळघरातल्या एका आयरिश नाचघरात २३ डिसेंबर १९६६ ला यूएफओ क्लब सुरू झाला. पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन हे तिथले ठरलेले बँड. बॉयलच्या प्रोजेक्टरमध्ये स्लाइड नुसती दिसत नसे, ती तिथेच वितळे, उकळे, जळे.

साहित्य बघा. ओव्हरहेड प्रोजेक्टर, म्हणजे खालून दिवा आणि वर सपाट काच असलेलं वर्गातलं यंत्र. मोठ्या भिंतीवरच्या घड्याळांच्या फुगीर काचा, एक मोठी आणि तिच्यात बसेल अशी एक लहान. पाणी, खाण्याचा रंग, पारदर्शक तेल आणि तेलात विरघळणारा दुसरा रंग. मोठ्या काचेत थोडं रंगीत पाणी आणि थोडं रंगीत तेल घालायचं, वर लहान काच ठेवायची आणि हाताने दाबायची. झालं. पाव मीटरची काच भिंतीवर पाच मीटरची होते, म्हणजे सगळं वीसपट. काचेत अर्ध्या सेंटिमीटरने सरकलेला थेंब भिंतीवर दहा सेंटिमीटर धावतो. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, तेलाचे रेणू त्या ओढीत सामील होत नाहीत, म्हणून दोन्ही रंग आपापली हद्द राखतात. हद्दीवर द्रवाचा पृष्ठभाग वाकलेला असतो. वाकलेला पारदर्शक पृष्ठभाग म्हणजे भिंगच. तो उजेडाला बाजूला वळवतो आणि प्रत्येक थेंबाभोवती काळी रेघ उमटते. चित्रकाराला कुंचल्याने काढावी लागली असती ती बाह्यरेषा इथे प्रत्येक थेंब स्वतःच काढतो, आणि थेंब हलला की ती बरोबर हलते.

पण खरं आश्चर्य दाबण्यात नसून सोडण्यात आहे. काच दाबली की तेलाचे गोळे गोल-गोल पसरतात, कडा गुळगुळीत राहतात. काच किंचित उचलली की उलट घडतं: पाणी किंवा हवा तेलात घुसते, पण सरळ रेषेत घुसत नाही. तिला बोटं फुटतात, बोटांना फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे, आणि पिंपळपानावरच्या शिरांसारखी जाळी क्षणात भिंतभर पसरते. तोच हात, तीच काच, तेच दोन द्रव. मग जाताना गोल आणि येताना जाळी का?

याचं उत्तर १९५८ मध्ये केंब्रिजच्या फिलिप सॅफमन आणि जी. आय. टेलर या दोघांनी दिलं होतं. त्यांच्यासमोरचा प्रश्न जमिनीखालच्या खनिज तेलाचा होता. तेल वर ढकलण्यासाठी खडकात पाणी सोडतात, पण पाणी तेलाला एकसंध रेटण्याऐवजी त्यात वाटा काढत पुढे निघून जातं. प्रयोगासाठी त्यांनी खडकाऐवजी दोन काचा घेतल्या, मध्ये अगदी बारीक फट ठेवली. अशी जोडकाच हेन्री हेले-शॉ या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वापरात आणली होती. त्यांना आढळलं ते असं: कमी चिकट द्रव जास्त चिकट द्रवाला ढकलतो तेव्हा त्यांच्यातली सीमा स्थिर राहू शकत नाही. सीमेचा एखादा कण जरा पुढे गेला की त्याच्यापुढचा चिकट द्रव बाकीच्यांपेक्षा कमी उरतो, अडथळा घटतो, तो आणखी वेगाने पुढे जातो. पुढे गेलेला आणखी पुढे आणि मागे राहिलेला आणखी मागे. पृष्ठताण मात्र सीमेला फार टोकदार होऊ देत नाही. या दोघांच्या रस्सीखेचीत बोटाची जाडी ठरते. उलट, चिकट द्रव पातळाला ढकलत असेल तर पुढे आलेला उंचवटा आपोआप दबतो आणि सीमा गुळगुळीत राहते. खाण्याचं तेल पाण्यापेक्षा साधारण पन्नास पट चिकट असतं. म्हणून दाबताना गोल, सोडताना जाळी.

यूएफओच्या तळघरात काचा हाताळणाऱ्यांपैकी कुणी तो शोधनिबंध वाचला असेल असं मला वाटत नाही. गरजही नव्हती. ड्रमच्या ठोक्यावर दाबायचं आणि ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत सोडायचं, एवढं बोटांना कळलं की पुरे. पिंक फ्लॉइडमधले सिड बॅरेट आणि रॉजर वॉटर्स दोघेही वाढले केंब्रिजमध्ये. ते शाळकरी वयात होते तेव्हा त्यांच्याच गावात दोन शास्त्रज्ञ दोन काचांमध्ये द्रव सोडून त्याची बोटं मोजत होते, आणि दहा वर्षांच्या आत त्याच बोटांची भिंतभर झाडं यांच्या संगीतामागे उगवू लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, म्हणूनच मला हा योग फार प्रिय आहे.

याच कामात आणखी एक बळ वावरतं. रंगीत पाण्याच्या पातळ थरावर अल्कोहोलचा किंवा साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. त्या जागी पृष्ठताण घटतो, आजूबाजूचं जास्त ताणाचं पाणी रंगाला आपल्याकडे ओढतं, आणि थेंबाच्या जागी गोल मोकळं मैदान उघडतं. इटालियन शास्त्रज्ञ मारांगोनीच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. उष्णतेनेही पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे प्रोजेक्टरचा तापलेला दिवाच एक हालवणारा हात होऊन बसतो. त्या काळचे तारेचे दिवे विजेतली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणूनच बाहेर टाकत. दोन छोट्या काचांमध्ये रंगीत शाई कोंडलेली स्लाइड दिव्यापुढे बसली की काही वेळात तिच्यात बुडबुडे येऊ लागत, आणि फार तापली तर हेअर ड्रायरच्या गार झोताने तिला आवरावं लागे. स्लाइड बदलणारा तिथे एक वादकच होता, फक्त त्याचं वाद्य तापत असे.

आता रबर. पीटर विन-विल्सन हा तरुण नाटकाच्या थिएटरात दिव्यांचं काम करायचा. थिएटरने टाकून दिलेले दिवे दुरुस्त करून त्याने ते पिंक फ्लॉइडसाठी आणले. वेल्डरचे चष्मे घेऊन, त्यांच्या काचा काढून तिथे लोलक बसवण्याचा उद्योगही त्याचाच; ते घातले की समोरचं जग अनेक तुकड्यांत फुटून प्रत्येक कडेला इंद्रधनुष्य लागे. पण त्याची सगळ्यात सुंदर युक्ती ताणलेल्या पडद्याची होती. ध्रुवीकरण करणाऱ्या दोन फिल्म आणि त्यांच्यामध्ये ताणलेलं पातळ रबर. बरीच रबरं ताणून पाहिल्यावर सगळ्यात चांगलं ठरलं ते कंडोमचं.

प्रकाश ही आडवी थरथर आहे. पुढे जाताना ती वर-खाली, डावी-उजवी, तिरपी अशा सगळ्या दिशांनी होत असते. ध्रुवक फिल्म त्यातली एकच दिशा पुढे सोडते. तिच्यामागे दुसरी फिल्म काटकोनात धरली तर काहीच पार होत नाही, अंधार. आता मध्ये न ताणलेलं रबर ठेवा. अंधारच. रबराचे लांबलचक रेणू वेड्यावाकड्या गुंत्यात पडलेले असतात, सगळ्या दिशा त्याला सारख्याच. मग ते ताणा. रेणू ताणाच्या दिशेने सरळ होऊ लागतात आणि रबराला पहिल्यांदा एक दिशा मिळते. त्या दिशेने थरथरणारा प्रकाश आणि तिच्या काटकोनात थरथरणारा प्रकाश यांचा वेग त्यात वेगवेगळा होतो. एक किंचित मागे पडतो. दुसरी फिल्म या दोघांना पुन्हा एकत्र आणते, आणि मागे पडलेलं अंतर ज्या रंगाच्या लहरीशी जुळतं त्याप्रमाणे काही रंग खोडले जातात, उरलेले उजळून येतात. थोडा ताण दिला की काळ्यातून राखाडी, मग पांढरं, मग पिवळं, तांबडं, जांभळं, निळं. एका पदराने रंग फिके आले तर दोन पदर घ्यायचे. बोट लावलं तर बोटाभोवती ताण बदलतो आणि रंगही बदलतात. ताण सैल सोडला की पुन्हा अंधार.

इथे रंग कुठेही नाहीत. दिवा पांढरा, फिल्म करडी, रबर मळकट पिवळसर. भिंतीवर जे रंग दिसतात ते म्हणजे ताणाचाच दिसू लागलेला नकाशा. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने काचेवर दाब देऊन हा परिणाम १८१५ च्या सुमारास पाहिला होता. कॅलिडोस्कोप शोधणारा ब्रूस्टर तो हाच. पुढे अभियंते पुलांच्या आणि यंत्रभागांच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती करून, त्यांच्यावर वजन टाकून, ताण कुठे साठतोय ते याच रंगांत वाचू लागले. आणि ध्रुवक फिल्म तरी कशी बनते? अमेरिकन संशोधक एडविन लँडने १९३८ मध्ये काढलेल्या पद्धतीत एक प्लास्टिक तापवून एकाच दिशेने ताणतात, म्हणजे त्याचे रेणू रांगेत येतात, आणि मग त्याला आयोडीन पाजतात. ताणलेल्या रबरातला ताण बघायला आपण ताणलेलं प्लास्टिकच डोळ्यापुढे धरत असतो. ही गोष्ट मला कितीदा आठवली तरी जुनी होत नाही.

हे पाहायला आज प्रोजेक्टरही लागत नाही. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यातून येणारा उजेड ध्रुवीकृतच असतो. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, ध्रुवक काचांचा गॉगल डोळ्यांवर चढवा आणि मध्ये कंपासपेटीतला पारदर्शक सेट-स्क्वेअर धरून गॉगल हळूहळू फिरवा. साच्यात ओतून थंड होताना प्लास्टिकमध्ये कायमचा अडकून राहिलेला ताण रंगीत पट्ट्यांनी उजळून येईल. काचेवर सेलोटेपचे तुकडे एकावर एक, वेगवेगळ्या कोनांत चिकटवले तर प्रत्येक थराचा रंग निराळा. असं चिकटकाम दोन फिल्मच्या मध्ये धरून एलईडीच्या झोतात ठेवा आणि पुढची फिल्म गाण्याच्या लयीत फिरवा. एकही रंग विकत न आणता सगळे रंग भिंतीवर एकामागून एक उलटत जातील. गॅदरिंगला वाजवणाऱ्या बँडला याहून स्वस्त आणि याहून देखणी सजावट मला ठाऊक नाही.

विन-विल्सन पुढे आयुष्यभर दिव्यांचीच यंत्रं बनवत राहिला. १९९४ मध्ये पिंक फ्लॉइडचा ‘द डिव्हिजन बेल’चा दौरा निघाला तेव्हा स्टेडियम उजळून टाकणारी यंत्रणा हाताशी होती. तरी १९६७ सालच्या ‘अॅस्ट्रॉनॉमी डॉमिने’ या गाण्यासाठी त्याला बोलावून त्या जुन्या द्रव-स्लाइड्स पुन्हा भिंगापुढे लावल्या गेल्या.

एका बाबतीत मात्र त्या काळाची नक्कल मुळीच करू नये. लाकडी फळीवर घरगुती वायरिंग आणि शेजारी पाण्याची भांडी, हे काम जिवावर बेततं. मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे मंचावरच शॉक लागून गेला. माइकला अर्थिंग नव्हतं. म्हणून मंचावर बारा व्होल्टचे एलईडी वापरावेत, त्यांचा अॅडॉप्टर ओल्या जागेपासून दूर ठेवावा, अॅम्प्लिफायर आणि माइक यांचं अर्थिंग जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावं. एलईडी फार तापत नाही, त्यामुळे जिलेटीन जळत नाही की रबर वितळत नाही. स्लाइड मात्र आपण होऊन उकळणार नाही. तिची हालचाल हातानेच द्यावी लागेल. काचेसाठी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या वॉच ग्लास चालतात. तेल म्हणून बेबी ऑइल घ्यावं, ते पाण्याइतकं स्वच्छ दिसतं. त्याला रंग द्यायला मेणबत्तीत घालायचा रंग लागतो, खाण्याचा रंग तेलात विरघळत नाही.

दुसरी काळजी लुकलुकाटाची. सेकंदाला साधारण तीन ते तीस या वेगाने लुकलुकणारा झगझगीत उजेड काही माणसांना अपस्माराचा झटका आणू शकतो. स्ट्रोब, म्हणजे असा लुकलुकणारा दिवा, लावायचाच असेल तर दारावर तशी सूचना लिहावी आणि तो क्षणभरच वापरावा. हा परिणाम घडवायला यंत्रंही मोठी लागत नाहीत. साठचं दशक उजाडता उजाडता चित्रकार ब्रायन गायसिन आणि त्याचा मित्र इयान सॉमरव्हिल यांनी पुठ्ठ्याच्या नळकांड्याला खाचा पाडून, ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरवर उभं करून, आत बल्ब सोडला होता. एका ओळीत आठ खाचा धरल्या तर सेकंदाला दहा उघडझापी होतात, आणि समोर बसून डोळे मिटले तरी मिटल्या पापण्यांआड नक्षी फिरू लागते. पुठ्ठा आणि बल्ब थेट मेंदूपर्यंत पोचतात, म्हणूनच त्यांना जपून हाताळायचं.

शेवटची गोष्ट आरशाची. सिड बॅरेटने आपल्या फेंडर एस्क्वायर गिटारवर चंदेरी कागद आणि गोल चकत्या चिकटवल्या होत्या. तो वळला की त्याच्यावर पडलेला उजेड ठिपक्यांनी सभागृहभर फेकला जाई. आरसा एका अंशाने फिरला की परावर्तित किरण दोन अंशांनी फिरतो, आणि दहा मीटरवरच्या भिंतीवर ते दोन अंश म्हणजे पस्तीस सेंटिमीटर. इतक्या सूक्ष्म हालचालीला इतकं मोठं करणारं, तेही वीज न खाणारं, दुसरं साधन नाही. ज्यूल लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास याच गुणाचा उपयोग करून आवाज डोळ्यांना दाखवला. त्याने दोन ट्यूनिंग फोर्कना छोटे आरसे लावले, एक आडवा थरथरणारा, दुसरा उभा, आणि उजेडाचा झोत एकावरून दुसऱ्यावर, तिथून भिंतीवर नेला. भिंतीवर वेटोळी उमटली.

हे बँडला करता येतं. दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा घ्यायचा, एका तोंडावर फुग्याचं रबर घट्ट ताणून बांधायचं, त्यावर मध्यापासून जरा बाजूला आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवायचा आणि दुसरं तोंड स्पीकरला भिडवायचं. असे दोन डबे, एकाचा आरसा आडवा झुकेल आणि दुसऱ्याचा उभा असे वळवून ठेवायचे. झोत बारीक भोकातून काढलेल्या टॉर्चचा चालेल. लेझर पॉइंटर वापरला तर रेघ धारदार येते, पण तो कमीत कमी शक्तीचा असावा, पक्का बांधलेला असावा आणि किरण सतत प्रेक्षकांच्या डोक्यांवरून जाईल असा लावावा. डोळ्यात जायची शक्यताच उरता कामा नये. बेस गिटारची सगळ्यात खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. एवढ्या वेगाने धावणारा ठिपका डोळ्याला वेगळा धरता येत नाही, त्याची अखंड रेघ दिसते.

एका डब्यात बेसचा तो स्वर आणि दुसऱ्यात कीबोर्डवरून साध्या स्वच्छ आवाजात त्याच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर सोडला की भिंतीवर इंग्रजी आठाच्या घाटाचं वेटोळं उभं राहतं. सूर तंतोतंत जुळले असतील तर ते जागचं हलत नाही. कीबोर्ड सेकंदाला अर्ध्या कंपनाने जरी चढा असला तरी ते संथपणे रूप पालटू लागतं, आठातून कमान, कमानीतून पुन्हा आठ, आणि दोन सेकंदांत एक आवर्तन पुरं करतं. लिसाजूला आपल्या वेटोळ्यांचा उपयोग नेमका यासाठीच हवा होता, कानाला न कळणारा फरक डोळ्याने पकडण्यासाठी. फ्रान्सने १८५९ मध्ये वाद्यांचा प्रमाण स्वर ठरवला त्या समितीत तोही होता. माइक लावून दोन तानपुऱ्यांचे षड्ज या डब्यांत सोडले तर उपस्वरांमुळे रेघेला दाते पडतील. तरीही सूर लागला की वेटोळं थबकेल आणि तार उतरली की पुन्हा फिरू लागेल.